अभिजात कादंबऱ्यांची जातवैधता



३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि तेव्हापासून 'अभिजात' हा शब्द पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रांतून निघून थेट तालुक्याच्या बॅनरवर येऊन बसला. आमच्या सोनपेठलाही अभिनंदनाचे फलक दिसले. भाषेचा मान वाढला याचा आनंद मलाही आहे, ती माझ्या आजीचीही भाषा आहे. पण या शब्दाचा अर्थ किती जणांनी पाहिला? अभिजात म्हणजे कुलीन, चांगल्या कुळात जन्मलेला. इंग्रजीतल्या 'क्लासिक'चे मूळही फार निर्मळ नाही. रोममध्ये सर्वांत वरच्या आर्थिक वर्गातल्या नागरिकाला 'क्लासिकस' म्हणत आणि पुढे तोच शब्द चांगल्या लेखकाला लावला गेला. म्हणजे त्यांनी माणसाची मालमत्ता बघितली, आपल्याकडे त्याचा जन्म बघितला. पुस्तक चांगले आहे हे सांगायलासुद्धा आपल्या भाषेला चांगल्या कुळाचा शब्द लागतो, यावर कुणालाच हसू येत नाही.

आमच्या पोरांना शिक्षणासाठी, नोकरीसाठी, सरपंचपदासाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते. पणजोबाच्या शाळेचा दाखला, महसुली पुरावा, हेलपाटे. या 'अभिजात' कादंबऱ्यांची जातवैधता मात्र कोणत्या समितीने तपासली? कुणीच नाही. त्यांना सगळे जन्मजात मान्य.

हे लिहिण्याचे निमित्त घरगुतीच आहे. विहारातल्या अभ्यासिकेसाठी यंदा जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम उरली. मी म्हणाले, कादंबऱ्या घेऊ, आणि त्यांत 'श्यामची आई', 'बनगरवाडी', 'मृत्युंजय', 'कोसला'सुद्धा घेऊ. लगेच दोन बाजूंनी विरोध झाला. एक बाजू म्हणाली, "ताई, कादंबऱ्या वाचून कोण तहसीलदार झालंय?" दुसरी म्हणाली, "त्यांची पुस्तकं आपल्या विहारात कशाला? शाळेत डोस पाजला तेवढा बस्स झाला." दोन्ही बाजूंचे लोक माझे चळवळीतले सोबती आहेत, आणि दोन्ही बाजूंशी माझे भांडण आहे.

पहिल्या बाजूचा निकाल लवकर लागतो. आमच्या अभ्यासिकेत पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरे बसतात. 'मराठीतली पहिली कादंबरी कोणती?' असे विचारा, झोपेतही सांगतील, 'यमुना पर्यटन', १८५७, बाबा पदमनजी. 'ययाती'? वि. स. खांडेकर, ज्ञानपीठ १९७४. एकाही पोराने यातले एकही पान उघडलेले नाही. साहित्य त्यांच्याकडे एका गुणाचा पर्याय म्हणून येते आणि परीक्षा झाली की जाते. पुस्तकांसाठी दादरला 'राजगृह' बांधणाऱ्या माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा आणि खाली चालू घडामोडींचे गठ्ठे रचायचे, हा आपला वाचनव्यवहार. बाबासाहेबांचे 'शिका' आपण 'पास व्हा' इतके लहान करून ठेवले आहे.

खरे भांडण दुसऱ्या बाजूशी आहे, कारण तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. ही पुस्तके आपल्यावर लहानपणी सोडली गेली. वर्गात गुरुजी वाचून दाखवत, आपण मांडी घालून ऐकत असू, शेवटी डोळे पुसत असू. दहा-बारा वर्षांच्या पोराला पुस्तकाला उलट प्रश्न विचारता येत नाही. म्हणूनच माझे म्हणणे आहे की ती आता वाचली पाहिजेत. पस्तिशीत वाचली पाहिजेत. घर चालवून, मोर्चे काढून, रेशन कार्डासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवून, बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेऊन मग वाचली पाहिजेत. तेव्हा पुस्तक बोलते आणि आपणही बोलतो.

'यमुना पर्यटन' हातात घ्या. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून गौरवले जाणारे हे पुस्तक विधवांच्या दुःखावर आहे. लिहिणारा धर्मांतर करून ख्रिस्ती झालेला माणूस, जातीने कासार. म्हणजे मराठी कादंबरीच्या पायरीवर पहिले पाऊल हिंदू धर्म सोडलेल्या माणसाचे आहे. ही गोष्ट आपल्याला, धर्मांतरितांच्या नातवंडांना, कधी कुणी अभिमानाने सांगितली का? परीक्षेत साल सांगतात. त्या माणसाने धर्म का सोडला, ते सांगत नाहीत.

पुढे हरि नारायण आपटे. 'पण लक्षात कोण घेतो!' ही त्यांची कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात येऊ लागली ती १८९० साली. पुण्यातली ब्राह्मण मुलगी यमू आपली कहाणी सांगते. लग्न, वैधव्य, सक्तीचे केशवपन. मी ती एम.ए. झाल्यावर वाचली आणि ती वाचताना माझा गळा दाटून आला. यमूचे दुःख खोटे नाही. आपल्याकडे विधवेचा पाट लागत होता, केशवपन आपल्या बायांच्या वाट्याला आले नाही म्हणून दुसऱ्या बाईच्या वेदनेवर हसायचे, असली चळवळ मला नको. पण मोठेपणी वाचताना शीर्षकच डोळ्यांत खुपायला लागते. लक्षात कोण घेतो? अहो, लक्षात घेतले होते! त्याच पुण्यात, १८६३ साली, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच डॉ. यशवंत. १८८२ साली आमच्या शेजारच्या वऱ्हाडातून, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषजातीला धारेवर धरले होते. आणि ज्या १८९० साली यमूची कहाणी 'करमणूक'मध्ये सुरू झाली, त्याच साली मुंबईच्या नाभिक बांधवांनी सभा घेऊन ठरवले की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे उभे होते. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो खाली ठेवला. पोटावर पाय देऊन ठेवला. कादंबरी मात्र वस्तऱ्याखालचे डोके पाहते, वस्तरा धरणाऱ्या हाताच्या मनात काय आहे ते विचारत नाही. यमूच्या जगात फुल्यांच्या घराचे दार कुठे दिसत नाही. यमूला ते दिसू नये अशी तिच्या समाजाची व्यवस्था होती, हे मी समजू शकते. पण शंभर-सव्वाशे वर्षे ही कादंबरी शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही ते दिसू नये?

जोतिबांनी हे आधीच ओळखले होते. १८८५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. जे माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय. आमचे काही कार्यकर्ते हे पत्र दाखवून म्हणतात, बघा, जोतिबांनीच बहिष्कार सांगितला. जोतिबा त्यांच्या सभेला गेले नाहीत, पण त्यांचे ग्रंथ त्यांनी कोळून प्याले होते. न वाचता 'गुलामगिरी' लिहिता येते का?

आता 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले पुस्तक. कादंबरी म्हणा, आठवणी म्हणा, महाराष्ट्राने तिला आईच्या जागी बसवले आहे. त्यात 'देवाला सारी प्रिय' नावाची रात्र आहे. म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी खाली पडते, कुणी हात लावत नाही, आणि श्यामची आई श्यामला सांगते की जा, तिची मोळी उचलून दे, आणि मग आंघोळ कर. शाळेत आम्हाला यातली मोळी ऐकू आली, आंघोळ ऐकू आली नाही. ऐकू येणार नाही अशाच सुरात ती वाचली जाई.

मी हे प्रकरण आमच्या वस्तीतल्या बचत गटाच्या बायांना वाचून दाखवले. यातल्या निम्म्या बाया दसऱ्यानंतर कोयता घेऊन उसाला जातात, मोळी म्हणजे काय हे त्यांना मानेने माहीत आहे. सगळ्या गप्प ऐकत होत्या. मग एक साठीची आजी म्हणाली, "पोरगं गुणाचं हाय. मोळी उचलून देली. मंग अंघोळ कामून केली?" दुसरी म्हणाली, "अन् त्या म्हातारीचं नाव काय व्हतं?" समाजशास्त्राच्या दोन वर्षांत या दोन प्रश्नांइतके नेमके प्रश्न मी वर्गात ऐकले नव्हते. पुस्तकाने श्यामच्या आईला देवपण दिले, त्या बाईला मोळी दिली. दया करायची तर कुणीतरी खाली पडलेले लागते. ती बाई तिथे श्यामच्या संस्कारासाठी उभी आहे. मोळी डोक्यावर चढली की तिचे काम संपले. ती कुठे गेली, त्या लाकडाचे किती आले, घरी चूल पेटली का, याच्याशी संस्काराला देणेघेणे नाही.

साने गुरुजींवर मी अन्याय करणार नाही. याच माणसाने १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. बाबासाहेब त्याच्या बारा वर्षे आधी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा करून मोकळे झाले होते, देवळाचा प्रश्न आपल्यासाठी मागे पडला होता, ते वेगळे. पण एक माणूस आंघोळीपासून उपोषणापर्यंत चालत आला. मला राग आहे तो महाराष्ट्राचा. लेखक पुढे गेला आणि वाचक अजून आंघोळीपाशीच उभा आहे. डोळे पुसत.

मग येते आमची 'ग्रामीण' कादंबरी. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ ची. तिच्याविषयी मी हळू आवाजात बोलेन, कारण ते पुस्तक मला खरोखर आवडते. माणदेशातली धनगरांची वाडी, एकशिक्षकी शाळा, नवा मास्तर, कारभारी, चोरीवर जगणारा रामोशी, आणि शेवटी दुष्काळात ओस पडत जाणारे गाव. दिवाळीच्या आगेमागे आमच्या वस्त्या अशाच रिकाम्या होतात, दारांना कुलपे लागतात, मागे म्हातारी माणसे आणि कुत्री राहतात. हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला माडगूळकर खोटे वाटणार नाहीत. एक शब्द जास्तीचा नाही. प्राध्यापक लोक ज्याला संयत शैली म्हणतात ती हीच असावी.

पण मोठेपणी वाचताना विचारावे लागते, की हे गाव कोण पाहतो आहे? मास्तर पाहतो. मास्तर बाहेरून आला आहे, पगारावर आला आहे, आणि तो जाणार आहे. गाव त्याच्यासाठी अनुभव आहे. आम्हाला एम.ए.ला एम. एन. श्रीनिवास होते. त्यांनी १९४८ साली म्हैसूरकडच्या रामपुरा गावात राहून अभ्यास केला. पुढे टिपणे जळाली तेव्हा आठवणीतून गाव उभे केले, १९७६ साली 'द रिमेंबर्ड व्हिलेज' आले. थोर पुस्तक. पण साहेब राहिले कुठे? गावच्या मुखियाच्या घरात. मग गाव दिसणार ते मुखियाच्या ओट्यावरून. मराठी ग्रामीण कादंबरी बहुतेक वेळा अशाच ओट्यावर बसून लिहिली गेली. वेशीबाहेरून गाव कसे दिसते हे ज्या माणसाला ठाऊक होते, त्याने ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत उभे राहून सांगितले की भारतातले खेडे हे अज्ञानाचे, कोतेपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे. श्रीनिवास रामपुऱ्यात होते तेही १९४८ सालच. गावावर प्रेम करणाऱ्या साहित्याने बाबासाहेबांच्या त्या वाक्याला आजवर नीट उत्तर दिलेले नाही. गावाकडची पहाट वगैरे लिहून ते उत्तर देता येत नाही.

यात अपवाद नाहीत असे नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०) वाचा. कौतिकची भूक वाचताना ही बाई आपल्या गल्लीतलीच आहे असे वाटते, आणि लेखक तिच्याकडे ओट्यावरून पाहत नाही. तिच्यावर इतके कमी का बोलले जाते, हे मला कळत नाही.

सगळ्यांत कडू बोलायचे आहे ते 'मृत्युंजय'विषयी. शिवाजी सावंत, १९६७. हे पुस्तक मात्र आमच्या वस्तीतही वाचले जाते. जिममध्ये जाणारा, स्टेटसला कर्णाची वाक्ये टाकणारा, हातात भगवा नाही तर निळा दोरा असलेला प्रत्येक पोरगा सांगतो, ताई, 'मृत्युंजय' वाचा, आपलंच दुःख आहे त्यात. सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला शूर माणूस, भर सभेत कुळ विचारले गेलेला. आपल्याला तो आपला वाटणारच. मुलाखतीत आडनाव ऐकून चेहरा बदललेला ज्याने पाहिला आहे, त्याला कर्ण आपला वाटणारच.

पण पोरांनो, कर्ण सूतपुत्र आहे का? नाही. तो कुंतीचा मुलगा, सूर्यापासून झालेला, जन्मतः कवचकुंडले घेऊन आलेला. त्याचे शौर्य जन्माचे आहे, त्याचे तेज कुळाचे आहे, फक्त कागदपत्रे गहाळ झाली आहेत! वाचक रडतो ते कशासाठी? एका सूताच्या पोराला नाकारले म्हणून नाही. एका क्षत्रियाला चुकून सूत समजले म्हणून. चूक झाली ती ओळखण्यात, उतरंड बरोबरच होती, असे हे दुःख आहे. अधिरथ आणि राधेच्या पोटच्या मुलाने, साध्या सारथ्याच्या मुलाने, धनुष्य उचलले असते आणि तो अर्जुनाच्या तोडीचा निघाला असता तर? मग वर्णाचे काय झाले असते? तेवढे धाडस ना मूळ कथेत आहे, ना कादंबरीत. एकलव्याचा अंगठा एका प्रसंगात उरकतो, कर्णासाठी मात्र जाडजूड ग्रंथ घराघरात. 'अभिजात' शब्दाचा खरा अर्थ बघायचा असेल तर 'मृत्युंजय'मध्ये बघा, नायक शेवटी चांगल्या कुळातलाच निघाला पाहिजे. गुणवत्ता जन्मातून येते हे ज्या विचाराने आपल्याला हजारो वर्षे सांगितले, तोच विचार आपल्या पोराच्या स्टेटसवर बसला आहे, आणि पोरगा त्याला बंड समजतो.

१९६३ हे साल मला फार बोलके वाटते. त्या वर्षी दोन पुस्तके आली. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आणि बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह. कोसलातला पांडुरंग सांगवीकर खान्देशातून पुण्याला शिकायला येतो, सगळे निरर्थक वाटू लागते, आणि गावी परततो. बहीण मनी मरते ती पाने वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते, ते मी नाकारणार नाही. पण पांडुरंगाला परतायला गाव आहे, गावात वाडा आहे, बापाची शेती आहे, शिव्या देण्याइतका खाऊनपिऊन सुखी बाप आहे. त्याचे नापास होणे परवडण्यासारखे आहे. बागुलांच्या कथेतला तरुण रेल्वेत नोकरीला लागतो, परमुलखात भाड्याच्या खोलीसाठी जात लपवतो आणि जात उघड झाल्यावर मार खातो. त्याला निरर्थक काहीच वाटत नाही. त्याला सगळ्याचा अर्थ नको तेवढा कळतो. साठ वर्षांनीही जिल्ह्याच्या गावात खोली बघायला गेलेल्या आमच्या पोरांना आधी आडनाव विचारतात आणि मग 'खोली कालच गेली' म्हणतात. सांगा, यातले कोणते पुस्तक कालबाह्य झाले?

'कोसला' विद्यापीठात कादंबरी म्हणून शिकवली जाते, तिची शैली, तिचा निवेदक, तिचा अस्तित्ववाद. बागुलांकडे, 'बलुतं'कडे, बेबीताई कांबळेंच्या 'जिणं आमुचं'कडे वळले की भाषा बदलते. मग 'दाहक वास्तव', 'सामाजिक दस्तऐवज', 'विद्रोही सूर'. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, मला हे आतून माहीत आहे. आम्हाला दलित साहित्य पुरावा म्हणून वाचायला दिले गेले. त्यांनी लिहिले ती कला, आम्ही लिहिले तो पुरावा! बेबीताईंच्या वाक्याला लय आहे, विनोद आहे, त्या बाईला कुठे थांबायचे ते बरोबर कळते, हे कुणी शिकवले नाही. मला हे उलटे करायचे आहे. 'श्यामची आई' आणि 'पण लक्षात कोण घेतो!' यांना आपण पुरावा म्हणून वाचू, उच्चजातीय घर आतून कसे चालत होते, कोण शिवत होते, कोण आंघोळ करत होते, त्याचा पुरावा. दस्तऐवज म्हणून त्यांचे मोल फार मोठे आहे. आणि 'फकिरा' कला म्हणून वाचू.

'फकिरा' १९५९ ची. अण्णाभाऊ साठ्यांनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या माणसाने लिहिलेली ही कादंबरी, तिचा वेग बघा, प्रसंग कसा उभा राहतो ते बघा. दुष्काळात वस्ती मरत असताना फकिरा धान्य आणि खजिना लुटतो. गुन्हेगार जमाती म्हणून हजेरी लावणाऱ्या सरकारला तो हजेरी देत नाही. पण आपल्या पुस्तकालाही तोच प्रश्न विचारावा लागेल, नाहीतर आपले वाचन आणि त्यांचे वाचन यात फरक काय? फकिराचा बाप राणोजी जीव देतो तो कशासाठी? गावाची भरभराट व्हावी म्हणून दुसऱ्या गावची जोगिणी पळवून आणताना. ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले त्याच गावाच्या इभ्रतीसाठी मांगाने मरायचे, आणि त्या मरणाला कादंबरीने शौर्य म्हणायचे, हे मला पटत नाही. राणोजी शूर आहे, पण त्याचे शौर्य गावाने वापरून घेतले आहे. अण्णाभाऊंना हे दिसले नसेल असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणते की यावर आपण विहारात बसून वाद घातला पाहिजे.

आणि हो, विहारात 'फकिरा' ठेवण्याला आणखी एक अर्थ आहे, तो आमच्या लोकांना झोंबेल. १ ऑगस्ट २०२४ रोजी, नेमकी अण्णाभाऊंची जयंती होती, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला वाट मोकळी केली. तेव्हापासून बौद्ध वस्ती आणि मातंग वस्ती यांच्यातले बोलणे आणखी आखडले आहे. उपवर्गीकरणावर कुणाचे काय मत असावे हा वेगळा विषय. पण आमच्या अभ्यासिकेत मातंग वस्तीतली किती पोरे येऊन बसतात? अण्णाभाऊंनी आपली सगळ्यांत मोठी कादंबरी बाबासाहेबांना अर्पण केली. आम्ही त्यांना एक खुर्ची तरी दिली का?

आता जाळण्याचा मुद्दा. 'त्यांची पुस्तकं जाळा' म्हणणारे नेहमी महाड सांगतात. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली ती कायदा म्हणून. तिच्या आधारे पाण्याला हात लावणाऱ्याचे डोके फुटत होते. बाबासाहेबांनी ती आधी वाचली, तपासली, परिषदेत ठराव झाला, मग जाळली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही लक्षात असू द्या. कादंबरी कायदा नाही. २००४ साली दिल्लीत काही दलित लेखक-कार्यकर्त्यांनी प्रेमचंदांची 'रंगभूमि' जाळली, तिच्यातल्या जातीवाचक उल्लेखांसाठी. त्यांचा राग मी समजते. पण त्यातून झाले काय? प्रेमचंदांवर बोलायचे सोडून सगळा देश जाळणाऱ्यांवर बोलला.

जगात इतरांनी काय केले ते पाहा. नायजेरियाच्या चिनुआ अचेबेंनी १९७५ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठात उभे राहून जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'ला वंशवादी ठरवले, तेही ओळ अन् ओळ वाचून. आफ्रिकेला नेपथ्य केले, आफ्रिकी माणसाला माणूस म्हणून बोलू दिले नाही, हा त्यांचा आरोप. त्यानंतर ते पुस्तक अचेबेंचे नाव घेतल्याशिवाय शिकवणे अवघड झाले. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'मधला जिम हा गुलाम घ्या. पर्सिव्हल एव्हरेट या कृष्णवर्णीय लेखकाने २०२४ साली तीच गोष्ट जिमच्या तोंडून लिहिली, नाव 'जेम्स'. तिला २०२५ चा पुलित्झर मिळाला. जिमचा जेम्स करायला दीडशेच्या आसपास वर्षे लागली. मोळीवाल्या आजीला नाव मिळायला किती लागतील? बचत गटातल्या त्या बाईने विचारले आहेच. आमच्या अभ्यासिकेतल्या एखाद्या पोरीने ती आजी लिहावी, मला एमपीएससीच्या निकालाइतकाच आनंद होईल. पण त्यासाठी तिने आधी ते पुस्तक वाचलेले पाहिजे. ते कपाटातच नसेल तर ती कुणाला उत्तर देणार?

'साहित्याला जात नसते' म्हणणाऱ्या प्रस्थापितांशी बोलायला मला फार वेळ नाही. त्यांनी एकदा आपल्या कपाटातली पुस्तके लेखकाच्या आडनावाप्रमाणे लावून बघावीत.

खरेदीची यादी मी समितीकडे दिली आहे. 'यमुना पर्यटन', 'पण लक्षात कोण घेतो!', 'श्यामची आई', 'बनगरवाडी', 'धग', 'फकिरा', 'कोसला', बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती!' आणि 'सूड', बेबीताईंचे 'जिणं आमुचं'. सोबत 'स्त्री-पुरुष तुलना', कारण ती पातळ आहे आणि स्वस्त आहे, आणि यमूच्या शेजारी ती असलीच पाहिजे. 'मृत्युंजय'च्या दोन प्रती, एक परत येणार नाही हे मला माहीत आहे. पैसे कमी पडत असतील तर चालू घडामोडींचे अंक कमी करा, ते दोन महिन्यांत रद्दीतच जातात. १ ऑगस्टला 'फकिरा'पासून वाचन सुरू करू, आणि ते आमच्या वस्तीत नको, मातंग वस्तीतल्या समाजमंदिरात घेऊ, तिथल्या मंडळींनी होकार दिला तर. ज्यांना यावर वाद घालायचा आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर थांबावे. मी तिथेच असते, आणि 'श्यामची आई'ची माझी प्रत समासात शिसपेन्सिलीने खरडलेली आहे, ती बघायला देईन.